शत्रूचं सोनं कमी करण्याआधी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

'बॅटल फॉर वेसनॉथ' या संगणकावरच्या, आळीपाळीने चाली करायच्या युद्धखेळासाठी तू रचलेली मोहीम शेवटपर्यंत खेळून झाली. नकाशे उत्तम आहेत. संवाद थोडे लांबले आहेत, पण ते नंतर बघू. तुझा खरा प्रश्न तिसऱ्या लढाईचा आहे. ज्यांना खेळायला दिलंस त्यातले निम्मे म्हणतात 'फारच सोपं', उरलेले म्हणतात 'तिसरी लढाई जिंकताच येत नाही', आणि तू विचारतोस की शत्रूचं सोनं, ज्यातून तो शिपाई उभे करतो ते, २०० वरून १५० करू का. माझं म्हणणं, सोन्याला एवढ्यात हात लावू नकोस. आकडा बदलणं सगळ्यात सोपं असतं म्हणून आपण तिथेच आधी धावतो, आणि एकदा खाली आणलेला आकडा मग चौथ्या, पाचव्या लढाईतही खाली आणत बसावं लागतं.

आधी तुझा तो छापा बघू. पाचव्या टर्नला खेळाडूची चाल संपली की उत्तरेच्या जंगलातून तीन ऑर्क ग्रंट (शत्रूचे साधे शिपाई) निघतात आणि रस्त्यावरच्या सगळ्यात पुढच्या स्पिअरमनवर (खेळाडूच्या भालाईतावर) पडतात. आता कागद घे. स्पिअरमनचे मूळ एचपी, म्हणजे जीव मोजायचे गुण, ३६. ग्रंटचा मूळ घाव ९ चा, एका हल्ल्यात दोन. तिघांचे मिळून सहा घाव. मोकळ्या मैदानात स्पिअरमनचा बचाव ४० टक्के, म्हणजे प्रत्येक घाव लागण्याची शक्यता ६० टक्के. (जन्मजात गुणांमुळे होणारा फरक सध्या बाजूला ठेव.)

वेसनॉथमध्ये दिवस सहा टर्नचा: पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्रीचे दोन प्रहर. तुझी लढाई पहाटे सुरू होते, तेव्हा पाचवा टर्न म्हणजे रात्रीचा पहिला प्रहर. ऑर्क रात्री पंचवीस टक्के जास्त मारतात, दिवसा तेवढेच कमी. रात्री नवाचे अकरा होतात. अकरा चोक चव्वेचाळीस, म्हणजे सहापैकी चार घाव बसले की स्पिअरमन संपला. ती शक्यता ५४ टक्के. हाच छापा दिवसा पडला असता तर नवाचे सात झाले असते. सात पंचे पस्तीस, म्हणजे पाच घाव खाऊनही तो एका एचपीवर उभा राहतो. मरायला सहाच्या सहा घाव लागतात, शक्यता ४.७ टक्के. दोन्ही वेळा तेच तीन ग्रंट, तोच रस्ता आणि शत्रूकडे तेवढंच सोनं. ५४ आणि पाचाच्या आत, एवढी दरी फक्त तू टर्नचा कुठला आकडा टाकलास त्यावर ठरते.

आणि हा उतार नाही, पायऱ्या आहेत. 'मग सातव्या टर्नला आणतो, पहाटे, तेव्हा ऑर्कांना रात्रीचा फायदा नाही' असं तुला वाटेल. करून बघ. पहाटे घाव मूळचा नऊचा, आणि नऊ चोक छत्तीस. नेमके छत्तीस! पुन्हा चार घावांत खेळ खलास, पुन्हा ५४ टक्के. आठव्या टर्नला, सकाळी, एकदम पाचाच्या खाली. स्पिअरमन जर 'चपळ' गुणाचा निघाला, म्हणजे एचपी पाच टक्क्यांनी कमी, तर दिवसाही पाच घाव पुरतात आणि शक्यता २३ वर जाते. म्हणून कुठलाही बदल करण्याआधी 'किती घावांत मरतो' हे मोजायचं. सरासरी नुकसान बघून काही कळत नाही.

एवढं करूनही छापा दिवसा हलव असं मी म्हणणार नाही. ऑर्क रात्रीच यावेत, त्यातच मजा आहे. अडचण वेगळी आहे. खेळाडूला ते येणार हे ठाऊक नाही आणि कळायची सोयही नाही. तुला ठाऊक आहे. तू स्वतःची मोहीम खेळतोस तेव्हा नकळत तिसऱ्या टर्नलाच स्पिअरमन मागे घेतोस, आणि वर म्हणतोस 'मला तर जमतंय'. ज्यांना 'फारच सोपं' वाटलं त्यांनी बहुतेक एकदा हरून, जुनी सेव्ह (जपून ठेवलेला डाव) उघडून, जंगलापासून लांब राहून ती लढाई जिंकली असणार. ज्यांना जमलं नाही ते प्रामाणिकपणे रस्त्यावरून चालत गेले. तुझ्या दोन गटांमध्ये कौशल्याचा फरक फारसा नसावा. एकाला गुपित फुटलंय, दुसऱ्याला नाही.

आता समज, चौथ्या टर्नच्या सुरुवातीला तुझ्या त्या म्हाताऱ्या वाटाड्याच्या तोंडी एकच वाक्य घातलं: 'उत्तरेकडून पाखरं उडाली, जंगलात कुणीतरी आहे.' खेळाडूकडे अख्ख्या दोन चाली आल्या. रस्त्यालगत तू गाव ठेवलंच आहेस. स्पिअरमन गावात शिरला की बचाव ६० टक्के, घाव लागण्याची शक्यता ४०. रात्रीचे तेच तीन ग्रंट आता त्याला १८ टक्के वेळाच मारतात. त्याऐवजी दोन्ही बाजूंना माणसं लावून फक्त दोनच हेक्स (नकाशाची षटकोनी घरं) उघडे ठेवले, तर मैदानातही ही शक्यता १३ वर येते, कारण चारही घाव लागावे लागतात. गाव आणि रांग, दोन्ही साधलं तर अडीच टक्के. शत्रूला कुठेही कमजोर न करता ५४ वरून अडीचपर्यंतचा पल्ला खेळाडूने स्वतःच्या अकलेने गाठला. ज्याने वाक्य वाचून दुर्लक्ष केलं तो हरेल, पण तुला शिव्या देणार नाही. 'ऐकायला हवं होतं' म्हणेल आणि परत खेळेल. आत्ता जे आहे तो रडीचा डाव आहे, आणि खेळणाऱ्याला ते लगेच कळतं.

सुगावा न देता आणलेली संकटं तुझ्या मोहिमेत आणखी दोन ठिकाणी आहेत: सहाव्या लढाईतला पूल आणि शेवटचा फितूर सरदार. दोन्ही याच नजरेने तपास. २०१८ मध्ये आलेल्या 'इन्टू द ब्रीच'ने तर आठ बाय आठच्या पटावर शत्रू पुढच्या चालीला कुठे मारणार हे सगळं उघड दाखवलं, तरी त्या खेळाला सोपा म्हणणारा कुणी भेटत नाही. तेवढ्या टोकाला तू जाऊ नकोस. वेसनॉथचा तो स्वभाव नाही.

मग सोन्याचं काय? बदलायचंच असेल तर आधी शत्रूच्या किल्ल्याकडे बघ. संगणकाचा सरदार एका टर्नला किती शिपाई उभे करणार हे त्याच्या ठाण्याला लागून किल्ल्याचे किती हेक्स आहेत त्यावर ठरतं. ग्रंट १२ सोन्याचा, तुझ्या किल्ल्याला सहा हेक्स, म्हणजे एका टर्नला जास्तीत जास्त ७२ खर्च. २०० चे १५० केलेस तर पहिल्या दोन टर्नांच्या लाटा जवळपास तशाच येतील, कमी होईल ती तिसरी. आणि तुझे टेस्टर तर पहिल्या लाटेतच बुडताहेत! किल्ल्याचे दोन हेक्स काढ, लाट आपोआप बारीक होईल. लाटेचा आकार हेक्सवर, लाटांची संख्या सोन्यावर, लढाई किती लांबते ते गावांच्या उत्पन्नावर. तीन दोऱ्या वेगवेगळ्या आहेत, तू एकच ओढत होतास. शिवाय वेसनॉथचा संगणक मुळातच उतावळा, सुटा सुटा येऊन अंगावर पडणारा. त्याला माघार फारशी कळत नाही. त्याच्याकडून डावपेचांची अपेक्षा ठेवू नकोस. त्याच्या उतावळेपणाचा फायदा कुठे घ्यायचा हे खेळाडूला नकाशावर दिसू दे.

आता जरा कडू सांगतो. तिसऱ्या लढाईची तक्रार निम्मी तरी दुसऱ्या लढाईत जन्मते. वेसनॉथमध्ये उरलेल्या सोन्याचा ठरावीक हिस्सा पुढे जातो, लढाई लवकर संपवली तर वर बक्षीस मिळतं. अनुभवी शिपाई परत बोलवायला २० सोनं लागतं, तो पहिल्या पातळीचा असो की तिसऱ्या. नवा स्पिअरमन १४ चा. ज्याने दुसरी लढाई झकास मारली तो भरल्या तिजोरीने आणि तयार गड्यांनिशी तिसरीत उतरतो. जो कसाबसा तरला तो तुझ्या किमान सोन्यावर आणि नवख्या पोरांवर. ज्याला मदत हवी त्यालाच कमी मिळतं. हे सगळ्याच डावपेची भूमिकाखेळांचं दुखणं आहे, कारण शिपायांनी अनुभव साठवत मोठं होणं हाच तर त्यांचा गाभा. पण यातला वाईट प्रकार म्हणजे मेलेली सेव्ह: खेळाडू तिसरी लढाई चार-चारदा खेळतोय आणि प्रत्यक्षात तो दुसरीतच हरलेला आहे. त्याला ते कुणी सांगत नाही.

उपाय कंटाळवाणा आहे, पण करावाच लागेल. तू सोनं बेरजेने पुढे नेणारा पर्याय लावलेला नाहीस, म्हणजे खेळाडूने आणलेलं सोनं आणि त्या लढाईचं तू ठरवलेलं किमान सोनं यांतलं जे जास्त ते त्याला मिळतं. हे किमान सोनं म्हणजे तुझ्या हातातला खरा आधार. प्रत्येक लढाई फक्त तेवढ्याच सोन्यावर, एकही जुना गडी न बोलावता खेळून बघ. खेळाच्या मध्यम काठिण्यपातळीवर ती घासून का होईना जिंकता आली पाहिजे. येत नसेल तर शत्रूचं सोनं कमी करण्याऐवजी खेळाडूचं किमान वाढव. त्याचा लाभ फक्त अडलेल्याला होतो, भरल्या तिजोरीवाल्याला कळतही नाही. वरच्या टोकालाही नजर असू दे: तिसऱ्या पातळीचे चार गडी घेऊन आलेल्याला कंटाळा येणार असेल तर एखाद्या लढाईत सैन्याची वाट फोड, अर्धे गडी दुसरीकडे धाड. गोष्टीलाही ते शोभेल.

नशिबाबद्दल तू दोन पानं लिहिली आहेस, मी दोन परिच्छेद लिहितो. मैदानात उभ्या ग्रंटवर स्पिअरमनचे तिन्ही घाव हुकण्याची शक्यता ६.४ टक्के, साधारण सोळात एकदा. एका लढाईत असे हल्ले शेकड्याने होतात, तेव्हा हे वरचेवर दिसणारच आणि लोक ओरडणारच. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवरच्या 'फायर एम्ब्लेम'मध्ये दोन यादृच्छिक आकड्यांची सरासरी काढत. पडद्यावर ७० दिसलं तरी घाव खरा लागायचा ८२ टक्के वेळा, आणि ३० दिसलं तर १८. माणसाला ७० म्हणजे 'लागणारच' वाटतं, म्हणून खेळच त्याच्या वाटण्याकडे झुकवला. वेसनॉथ आपणहून असं काही करत नाही, जे दाखवतो तेच फासे टाकतो. मला हा खरेपणा आवडतो. तुला नसेल आवडत तर वेगळं इंजिन घे, पण यात लपवाछपवी घुसडू नकोस.

तुझ्या हातात आहे ते एवढंच की एका फाशावर अख्खी लढाई टांगायची नाही. 'वाटाड्या मेला की हार' ही तुझी अट नेमकी तेच करते. तो म्हातारा शत्रूच्या टप्प्यात येतोच येतो, कारण रस्ताच तसा आहे. एक तर त्याला मागे राहायला जागा दे, नाहीतर अट काढ. आणि सुरुवातीलाच एखादा मेज, म्हणजे जादूगार, हाती दे: त्याची जादू शत्रू कुठल्याही जमिनीवर असो, ७० टक्केच लागते. डळमळीत लढाईत भरवशाचं एक तरी हत्यार असलं की खेळाडूची चिडचिड निम्मी होते.

सोपी पातळी. तू तीन पातळ्यांना सोनं १५०, २००, २५० असं वाटून टाकलंस आणि मोकळा झालास. सोप्या पातळीवर येणारा गडी म्हणजे गल्लीतल्या खेळातला लिंबूटिंबू. त्याला बाद करत नाहीत, पण त्याच्यासाठी वेगळा खेळ मांडत नाहीत; तो त्याच डावात असतो, म्हणून तर खेळ शिकतो. सोप्यात शत्रूला पांगळं करशील तर तो चुका करूनही जिंकेल आणि मधल्या पातळीवर गेल्यावर तोंडावर आपटेल. त्यापेक्षा सुगावा दोन टर्न आधी दे, वाटाड्याला थेट 'गावात शिरा' म्हणू दे, टर्नची मुदत वाढव. अवघड पातळीवर तो नुसता आकाशाकडे बघू दे. मॅक्रो (कोडचा तयार तुकडा) तेच, मजकूर वेगळा.

टेस्टरांना 'कसं वाटलं' विचारणं बंद कर. माणसं भिडेखातर 'छान' म्हणतात, नाहीतर हरल्याच्या रागात काहीही. वेसनॉथ प्रत्येक लढाईचा रीप्ले, म्हणजे चालींची नोंद, जपून ठेवतो, ती फाइल मागव. एकेक टर्न बघ: कुठे थबकला, कुठल्या गावाकडे वळलाच नाही, पहिला गडी कुठे पडला. कुणी 'नशीबच फुटकं' म्हणाला तर त्याला आकडेवारीची खिडकी उघडायला सांग. अपेक्षित नुकसान आणि झालेलं नुकसान शेजारी शेजारी दिसतं. बहुतेक वेळा दोन्ही जवळपास निघतात आणि चूक नकाशातली असते. एकच प्रश्न विचार: 'कुठल्या टर्नला हरलास असं वाटतं?' त्याचं उत्तर आणि रीप्लेमधला टर्न जुळला तर लढाई नुसती अवघड आहे, राहू दे. जुळला नाही तर तिथे तू काहीतरी दडवलं आहेस.

आधी ते पाखरांचं वाक्य घाल, किल्ल्याचे दोन हेक्स काढ आणि जे अजून खेळलेले नाहीत अशांना दे. जुन्या टेस्टरांना आता गुपित माहीत आहे, या लढाईपुरते ते बाद.

कळावे,
तुझा काका

ता. क. पाचव्या लढाईत दलदलीतून जाणाऱ्या घोडेस्वारांना तू दहाच टर्न दिले आहेस. नकाशावर बोट ठेवून हेक्स मोज. वाटेत एकही शत्रू नसला तरी ते वेळेत पोचत नाहीत.