वाचकांचे प्रश्न : रिपोर्टमधली स्नायूची ओळ

प्रश्न : वडिलांच्या लघवीतून रक्त गेलं. तपासणीत मूत्राशयात गाठ निघाली आणि ती दुर्बिणीतून काढली. रिपोर्टमध्ये ‘टी वन, हाय ग्रेड, मस्क्युलॅरिस प्रोप्रिया नॉट सीन’ असं लिहिलं आहे. गाठ पूर्ण निघाली म्हणणारे डॉक्टरच आता महिन्याभराने पुन्हा दुर्बीण घालायची म्हणतात. गरज आहे का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गरज आहे, टाळू नका. मूत्राशयाच्या भिंतीत आतलं अस्तर, त्याखाली पातळ थर आणि मग जाड स्नायू असतो. कर्करोगाची गाठ अस्तराखाली उतरली की टी वन, स्नायूत शिरली की टी टू. ‘हाय ग्रेड’ म्हणजे पेशी जास्त आक्रमक. टी टू असेल तर उपचारच बदलतात. मूत्राशय काढावं लागतं किंवा निवडक रुग्णांत केमो-रेडिएशन द्यावं लागतं. तुमच्या रिपोर्टमधल्या शेवटच्या चार शब्दांचा अर्थ असा, की तपासलेल्या तुकड्यांत स्नायू आलाच नाही. त्यामुळे गाठ तिथवर गेली आहे की नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही. शिवाय टी वनमध्ये डोळ्यांना सगळं साफ दिसूनही बऱ्याच रुग्णांत मुळाशी गाठ शिल्लक सापडते.

दुसरी शस्त्रक्रिया पहिलीनंतर २ ते ६ आठवड्यांत व्हावी. सर्जनना आधीच विचारा : गाठीच्या बुडाचा तुकडा वेगळ्या डबीत पाठवणार ना? विजेच्या तारेने कडा फार जळाल्या तर पॅथॉलॉजिस्टला काहीच वाचता येत नाही, म्हणून हा तुकडा स्वच्छ हवा.

त्यातही स्नायू मोकळा निघाला तर बीसीजी (क्षयाच्या लशीतलंच औषध, मूत्राशयात सोडतात) सुरू होतं. आठवड्यातून एकदा असं सहा वेळा, कॅथेटरमधून. औषध साधारण दोन तास आत धरून ठेवायचं. त्या दिवशी लघवीत रक्त दिसत असेल, संसर्ग असेल किंवा कॅथेटर घालताना इजा झाली असेल, तर डोस पुढे ढकलायलाच हवा. बीसीजीत जिवंत जंतू असतात, ते रक्तात गेले तर प्रकरण गंभीर होतं. पुढे ३, ६ आणि १२ महिन्यांनी तीन-तीन डोस, नंतर बहुधा तीन वर्षांपर्यंत.

गाठ पुन्हा येण्याची शक्यता काढण्यासाठी ईओआरटीसी या युरोपीय कर्करोग संशोधन संस्थेचं २००६ चं कोष्टक वापरतात. त्यात गाठींची संख्या, ३ सेंमी किंवा त्याहून मोठी आहे का, आधी उद्भवली होती का, खोली, ग्रेड आणि ‘कार्सिनोमा इन सिटू’ (अस्तरातच पसरलेला सपाट, आक्रमक कर्करोग) धरतात. पण त्या अभ्यासातल्या बहुतेक रुग्णांना बीसीजी मिळालं नव्हतं, दुसरी शस्त्रक्रियाही झाली नव्हती. म्हणून तो आकडा वाचून घाबरू नका. वडील विडी-सिगारेट ओढत असतील तर मात्र आजच थांबवा.

प्रश्न : कर्करोगामुळे प्रोस्टेट पूर्ण काढून दोन महिने झाले. पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते रक्तातलं प्रथिन) ०.०४ आला. शून्य का नाही?

उत्तर : हा आकडा चांगला आहे. ०.१ च्या खाली असेल तर शस्त्रक्रियेनंतर तो समाधानकारक मानतात. ०.२ किंवा जास्त, तेही लागोपाठ दोनदा आला, तर आजार परतल्याची शंका धरतात. तपासणी दर वेळी एकाच लॅबमध्ये करा, कारण यंत्र बदललं की आकडा थोडा हलतो. तुमचं भवितव्य पाहायला रिपोर्टमधले ग्लीसनचे (पेशी किती आक्रमक दिसतात ते सांगणारे) दोन आकडे कोणत्या क्रमाने आहेत ते बघा. ३+४ आणि ४+३, दोन्हींची बेरीज ७, पण दुसऱ्यात जोखीम जास्त. कापलेल्या कडेला कर्करोगाच्या पेशी आढळल्या का, हेही डॉक्टरांना विचारा.