नाल झिजली नाही, मग काढायची कशाला?

(घोड्याचं खूर, नाल आणि चाल यांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. उत्तरं देणारे नालबंद रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमधून (सैन्याची घोडी-खेचरं सांभाळणाऱ्या दलातून) निवृत्त झाले असून आता चिकोडी तालुक्यात काम करतात.)

या खेपेला पत्रांबरोबर चौदा फोटो आले. अकरा फोटोंत नाल झकास दिसते, खूर दिसतच नाही. कुणी वरून काढलाय, कुणी खुराला तेल फासून काढलाय. पुढच्या वेळी फोटो बाजूने काढा, मोबाइल जमिनीला टेकवून. आणि आधी खूर धुवा.

प्रश्न : माझी वरातीची घोडी आहे. चार महिन्यांपूर्वी चारी पायांना नाल मारली. नाल अजून नव्यासारखी आहे, पण घोडी पुढच्या पायांनी ठेचकाळायला लागलीय. नालबंद म्हणतो, काढून परत मारू. चांगली नाल काढायची कशाला? पैसे काढायचा धंदा तर नाही ना? (निपाणी)

नाही, तुमचा नालबंद खरं बोलतोय. उलट तो दोन महिने उशिरा बोलला.

लोखंड झिजलं नाही तरी खूर वाढायचं थांबत नाही. महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर. म्हणजे चार महिन्यांत जवळजवळ तीन सेंटिमीटर. अनवाणी घोड्याचं वाढलेलं खूर दगडामातीवर घासून जातं. नाल असली की ते घासणंच बंद. शिवाय खूर वाढतं ते सरळ खाली नाही, पुढच्या अंगाला तिरकं. त्यामुळे नालही खुराबरोबर हळूहळू पुढे जाते. आधी तिची दोन्ही टोकं टाचेखाली बरोबर असतात. तीन महिन्यांनी बघा, टाचेचा आधार सुटलेला असतो आणि ती टोकं तळव्याच्या कोपऱ्यात रुतायला लागतात.

अथणीची चांगली जाड चप्पल, पण दोन नंबर मोठी, अशी घालून जिना चढून बघा. तुमची घोडी रोज तेच करतेय. पाय उचलायला तिला खुराचं लांबलेलं टोक आधी उलटावं लागतं, त्याला उशीर होतो, म्हणून ठेच. आणि तेवढा वेळ पायाच्या मागून खुरात उतरणारी जाड शीर ताणलेली राहते. ठेचकाळणं आज दिसतंय, शीर दुखावल्याचं कळायला वेळ लागतो.

दर सहा आठवड्यांनी, फार तर आठ, नाल काढून खूर छाटायचंच. नवी नाल लागतेच असं नाही. जाडी शिल्लक असेल तर तीच परत बसवा, खिळे मात्र नवीन. सहा आठवडे लक्षात ठेवायची माझी रीत सांगतो. अमावास्येला आपल्याकडे जनावराच्या मानेवर जू ठेवत नाहीत, त्या दिवशी नाल मारून घ्या. पुढची अमावास्या जाऊ द्या, आणि तिच्यानंतरची पौर्णिमा धरा. झाले 44 दिवस. ॲप लागत नाही, तारीख चुकत नाही.

अजून एक. आषाढानंतर तुळशीच्या लग्नापर्यंत तुमचे मुहूर्त बंद असतात. तेवढे महिने नाल काढून टाका, खुराची कड कानशीने गोल करून घ्या म्हणजे टवके उडणार नाहीत, आणि घोडीला कोरड्या जागी अनवाणी राहू द्या. खिळ्यांची जुनी भोकं खाली उतरून छाटणीत निघून जातील. डांबरी रस्त्यावर डीजेपुढे घोडी नाचवण्याबद्दल माझं मत तुम्ही विचारलेलं नाही. लिहिलं तर संपादक कापतील.

प्रश्न : शर्यतीचा घोडा आहे. शनिवारी नाल मारली, रविवारी चांगला पळाला, सोमवारी पुढचा उजवा पाय टेकवेना. जाणकार म्हणाले, खांदा भरलाय. लेप लावलाय. रविवारी पुढचं मैदान आहे. (रायबाग)

खांद्यावरचा लेप धुऊन काढा आणि मैदान विसरा.

नाल मारल्यावर दोन-तीन दिवसांत घोडा लंगडला, तर खांद्याकडे बघायच्या आधी खिळ्यांकडे बघायचं. खूर उलटं करून तळवा खरवडला की कडेच्या भिंतीला लागून आत एक फिकट रेघ दिसते. त्या रेघेच्या बाहेर मेलेलं नख, आत जिवंत मांस. खिळा रेघेवर किंवा तिच्या बाहेर सुरू व्हायला हवा, आणि भिंतीतून बाहेर पडून खालून साधारण एक तृतीयांश उंचीवर निघायला हवा. म्हणूनच घोड्याच्या खिळ्याच्या टोकाला एका बाजूने उतार दिलेला असतो. उताराची बाजू आत ठेवली की खिळा आपोआप बाहेर वळतो. उलटा धरला तर सरळ मांसात.

खिळा मांसात घुसला तर घोडा जागच्या जागी पाय हिसकतो. पण नुसता जवळून गेला, तर त्या दिवशी काहीच कळत नाही. आतून दाबत राहतो आणि एक-दोन दिवसांनी पाय धरतो. तुमचं तसंच दिसतंय.

हे माझ्या हातून झालंय. नोकरीतून घरी येऊन वर्षही झालं नव्हतं, मिजास होती. बेळगावच्या एका टांगेवाल्याची घोडी होती. चौथ्या खिळ्याला तिने पाय हिसकला. मी तिलाच दरडावलं, खिळा वळवून बसवला आणि पैसे घेतले. तिसऱ्या दिवशी टांगेवाला एकटाच सायकलवर आला. शिवी नाही, भांडण नाही. “तुम्ही चला,” एवढंच म्हणाला. चौथा खिळा उपसला तसं भोकातून काळं पाणी आलं. तीन आठवडे त्याचा टांगा उभा राहिला, आणि त्या तीन आठवड्यांचे दाणे मी भरले. तेव्हापासून घोड्याने पाय हिसकला की मी खिळा बाहेर काढतो, मग तो घोडा कितीही नाटकी असो.

तुम्ही करायचं ते असं. दोन्ही पुढच्या खुरांना हात लावून बघा, एक जास्त गरम लागेल. घोट्याच्या मागे दोन्ही कडांना बोट ठेवा. निरोगी पायात नाडी मुश्किलीने सापडते, दुखऱ्या पायात बोटाखाली टणाटण उडते. मग नालबंदाला बोलवा आणि खिळे एकेक करून काढायला सांगा, सगळी नाल एकदम उपटायला नाही. प्रत्येक खिळा पुसायच्या आधी बघायचा आणि हुंगायचा. जो ओला किंवा काळा निघेल, तो तुमचा चोर. पू असला तर डॉक्टरांनी वाट करून द्यावी, मग मिठाचा किंवा मॅग्नेशियम सल्फेटचा शेक आणि स्वच्छ पट्टी. लहान मुलाचा डायपर खुरावर फार छान बसतो, वरून चिकटपट्टी गुंडाळा.

आणि धनुर्वाताची लस. घोड्याइतका धनुर्वात क्वचितच दुसऱ्या पाळीव जनावराला होतो. जखम तांदळाएवढी असली तरी लस आहे की नाही, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. रस्त्यावरचा खिळा तळव्यात घुसला तरी हाच नियम. तो उपटून फेकून देऊ नका. डॉक्टर लवकर येत असतील तर राहू द्या. काढावाच लागला तर भोकाभोवती पेनाने खूण करा आणि किती आत, कुठल्या दिशेने गेला होता त्याचा फोटो घ्या. तळव्यातलं भोक तासाभरात मिटून जातं, मग डॉक्टर शोधणार काय?

यापुढे शर्यतीच्या आदल्या दिवशी नाल मारू नका, आठवडाभर आधी मारा. आमच्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी माउलींच्या वारीसाठी आळंदीपर्यंत पायी जातात आणि तिथून पुढे पंढरपूर. एवढी चाल असो की तुमची पाच मिनिटांची शर्यत, हिशोब एकच. खिळा चुकला असेल तर तो घरी असताना कळायला हवा.

प्रश्न : आमच्याकडे पाऊस लागून राहिलाय. तट्टाच्या खुरातून काळं पाणी आणि घाण वास येतोय. शेजारच्या गाईंना लाळ्या-खुरकूत झालं होतं. तेच लागलं का? (खानापूर)

नाही. लाळ्या-खुरकूत दोन खुऱ्यांच्या जनावरांचा रोग आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर. घोड्याला तो होत नाही.

यावरून एक गंमत. कानडीत नालेला ‘लाळ’ म्हणतात. एका कानडी मालकाने फोनवर मराठी डॉक्टरांना सांगितलं, घोड्याचा लाळ सुटलाय. डॉक्टर तोंडाची लाळ समजून घशाचं औषध घेऊन आले. घोडा मजेत कडबा खात होता आणि नाल उकिरड्यात पडली होती.

तुमच्या तट्टाची पुतळी कुजतेय. पुतळी म्हणजे तळव्याच्या मधला रबरासारखा तिकोनी भाग. तिच्या दोन्ही बाजूंना आणि मध्ये खाचा असतात. शेण-मूत त्यांत भरून राहिलं, वारा लागला नाही, की हवेशिवाय जगणारे जंतू तिथे माजतात. औषध शेवटी येतं. आधी जागा कोरडी करा. जांभ्याच्या फरशीला उतार काढा, वर भाताचं तूस किंवा भुसा पसरा, ओलं रोजच्या रोज उचला. दिवसातून दोनदा खुरं खरवडा, टाचेकडून टोकाकडे. कुजलेले लोंबते तुकडे नालबंदाकडून कापून घ्या. मग खाचा कोरड्या करून पोव्हिडोन आयोडीनमध्ये भिजवलेला कापूस आत बसवा, रोज नवा. मोरचूद पुष्कळ लोक भरतात. कच्च्या मांसावर ते भाजतं, मी वापरत नाही. खाचेत काडी घातल्यावर तट्टू पाय ओढत असेल किंवा रक्त येत असेल तर डॉक्टर.

प्रश्न : मागच्या हंगामात घोडी सुटून गुऱ्हाळावर गेली, गूळ आणि काकवी खाल्ली. चार दिवस उभीच राहवेना. आता चालते, पण खुरांवर वळ्या आल्यात. कानशीने घासून गुळगुळीत करू का? (संकेश्वर)

घासू नका. त्या वळ्या म्हणजे घोडीची वही आहे. पुढे अरुंद आणि टाचेकडे रुंद होत गेलेल्या असतील, तर तिला लॅमिनायटिस होऊन गेलाय. बोटाला नख जसं घट्ट धरलेलं असतं, तसं खुराच्या आतलं हाड भिंतीला बारीक पापुद्र्यांनी धरलेलं असतं. पोटात एकदम साखर किंवा धान्य गेलं की आतड्यातलं गणित बिघडतं आणि ते पापुद्रे सुजून सुटायला लागतात. हाड खाली फिरतं. घासल्याने भिंत पातळ होईल, हाड जागेवर येणार नाही.

आता बाजूने एक्स-रे काढा आणि तो समोर ठेवूनच खूर छाटून घ्या. टोक मागे घेणं, टाच बेताने उतरवणं, असं दोन-तीन खेपांत. टोकाशी पूर्ण नवी भिंत उतरायला नऊ महिने ते वर्ष लागतं. तोवर कडबा, वाळलं गवत. गूळ, मका, पेंड बंद, उसाचं वाढंही नको.

पुन्हा सुटलीच तर लंगडायची वाट बघू नका. खाल्ल्यावर पाय धरायला दीड-दोन दिवस जातात, तोच तुमचा वेळ. 1962 ला (जनावरांच्या डॉक्टरांच्या हेल्पलाइनला) फोन करा आणि डॉक्टर येईपर्यंत चारी पाय घोट्याच्या वरपर्यंत बर्फाच्या पाण्यात ठेवा. तासभर नाही, दोन दिवस. बर्फ मासळीवाल्याकडे मिळतो. पोट साफ होईल म्हणून तिला पळवतात, ते अजिबात करू नका.

प्रश्न : दाराला लावायला काळ्या घोड्याची, पायातून आपोआप पडलेली नाल हवी आहे. मिळेल का? (शहापूर, बेळगाव)

आपोआप पडलेली नाल म्हणजे एकतर नालबंद चुकला किंवा मालकाने तारीख चुकवली. माझ्याकडे येणाऱ्या काळ्या घोड्यांची अजून पडलेली नाही. निपाणीच्या त्या घोडीवाल्यांना विचारलं असतं, पण त्यांची घोडी पांढरी असणार.

प्रश्न : मामा, मी धनगराचा पोरगा. आमची तट्टं मेंढरांबरोबर फिरतात. मला नालबंदी शिकायची आहे. बारावी झालो आहे. (अथणी)

पहिले दोन महिने खिळ्याला हात लावायला मिळणार नाही. पाय कसा धरायचा ते शिकशील. घोडा तुझ्या अंगावर भार टाकून झोपणार नाही आणि तुझी पाठ मोडणार नाही, असा. मग कानस. मग मेलेल्या जनावराच्या खुरावर खिळे, शंभर-दोनशे. सैन्यात जायची तयारी असेल तर रिमाउंट व्हेटर्नरी कोअरची भरती बघ, त्यांचं केंद्र मेरठला आहे. मी तिथेच शिकलो, घोड्यांपेक्षा खेचरांवर जास्त.

तोवर घरचीच शाळा आहे. तुमच्या तट्टांना नाल नसते आणि कोस-कोस चालतात. त्यांची खुरं धुऊन बघ, कड कुठे आणि कशी झिजलीय ते वहीत काढ. ती वही घेऊन ये. पौर्णिमेला मी घरी असतो. येताना पायात बूट घाल, चप्पल चालणार नाही.