लूप गार होऊ दे

चि. मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मायक्रोबायोलॉजी घेऊन पुढे काय, हा प्रश्न तू सुरुवातीलाच विचारलास. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंस की स्ट्रीकिंग, म्हणजे प्लेटवर जंतूंच्या रेघा ओढणं, काही जमत नाही, प्लेटभर नुसता थर उगवतो, सुटी कॉलनी, म्हणजे जंतूंचा वेगळा ठिपका, मिळतच नाही. मी शेवटापासून सुरुवात करते. पहिल्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिथेच आहे.

लूप, म्हणजे जंतू उचलायची ती तारेची कडी, लालबुंद तापवून तू लगेच कल्चरला, म्हणजे वाढवलेल्या जंतूंना, लावत असणार. तो गार होऊ दे. ज्योतीजवळच धरून मनात पंधरा-वीस आकडे मोज, मग प्लेटमधल्या अगारच्या जेलीच्या कोऱ्या कडेला टेकव. चर्र झालं तर अजून थांब. दुसरा भाग ओढण्याआधी लूप पुन्हा जाळायचा, पुन्हा गार करायचा आणि आधीच्या रेघांना एक-दोनदाच शिवून पुढे जायचं. तू मधे जाळत नसशील, म्हणून थर येतो. प्लेट ओली असेल तरी तेच होतं, तेव्हा वापरण्याआधी ती सुकली आहे ना ते बघ. मनगट सैल ठेव, आणि झाकण काढून टेबलावर ठेवू नकोस.

हे एवढं बारकाईनं का सांगते? १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वॉल्डेमार हाफकिन या जंतुशास्त्रज्ञांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या तुटपुंज्या जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना ती लस दिली गेली. त्यातले १९ जण धनुर्वातानं गेले. सगळे एकाच बाटलीतली लस घेतलेले. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांचं पद गेलं. त्यांच्या बाजूनं मलेरियावर संशोधन करणाऱ्या रोनाल्ड रॉस यांच्यासारखी माणसं उभी राहिली, तरी निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता त्यानंच बूच काढलं होतं. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. तिथे कधी गेलीस तर त्या चिमट्याची आठवण ठेव.

आता माझं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका औषध कंपनीत पाण्याचे नमुने तपासत होते. शुद्ध पाण्याची मर्यादा मिलिलिटरला १०० जिवाणूंची, आणि एका पॉइंटचा, म्हणजे नमुना घ्यायच्या एका नळाचा, काउंट त्याच्यावर गेला. वरिष्ठ म्हणाले, नळ जरा वेळ सोडून ठेव आणि पुन्हा सॅम्पल घे. मी घेतलं. काउंट छान आला, तोच रजिस्टरला चढला. पहिली प्लेट मी स्वतःच्या हातानं ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेनं जंतू मारायच्या यंत्रात, टाकली. महिन्याभरात आणखी तीन पॉइंट मर्यादेबाहेर गेले. पाइपलाइन उघडली, तर पाणी साचून राहणाऱ्या एका आंधळ्या फाट्यात बुळबुळीत थर धरलेला होता. ती पहिली प्लेट खरं सांगत होती, आणि मी तिचं तोंड बंद केलं होतं. आज इतक्या वर्षांनीही मला त्याचं वाईट वाटतं. तू असं करू नकोस. जर्नलमध्येसुद्धा मैत्रिणीचं रीडिंग उतरवू नकोस. ती सवय पुढे कारखान्यातल्या औषधाच्या बॅच रेकॉर्डपर्यंत जाते.

कामं भरपूर आहेत. औषधं आणि लशींच्या कारखान्यात क्यूसी म्हणजे गुणवत्ता तपासणी, निर्जंतुक विभागात हवेचं मॉनिटरिंग, दूध संघाची लॅब, पिण्याच्या पाण्याची तपासणी, सांडपाणी प्रकल्प, डिस्टिलरी, रायझोबियम-ॲझोटोबॅक्टर या जिवाणूंची जैविक खतं. अन्न सुरक्षा अधिकारी पदाला ही पदवी चालते. संशोधन करायचं असेल तर एमएस्सी आणि नेट परीक्षेची तयारी लवकर सुरू कर. पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आणि पेशींवर संशोधन करणारी एनसीसीएस आहेत, एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तर औद्योगिक सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह आहे. एक गोष्ट मात्र आधीच समजून घे: रुग्णालयात रिपोर्टवर सही करणारा मायक्रोबायोलॉजिस्ट बहुधा एमबीबीएसनंतर एमडी झालेला असतो. बीएस्सीनंतर ती खुर्ची मिळेल असं कुणी सांगितलं तर त्या क्लासची फी भरू नकोस.

सुरुवातीचा पगार कमी असेल, रात्रपाळीही असेल. ते लपवून ठेवणं मला पटत नाही. पण मुलाखतीत मी स्वतः मुलींना बसवून आधी ग्रॅम स्टेनिंग, म्हणजे जिवाणू ओळखण्यासाठी ते रंगवणं, करायला लावायचे. रंग धुणारं अल्कोहोल कधी थांबवायचं हे ज्या मुलीला कळतं, तिचे टक्के मी नंतर बघायचे.

मेडिकल हुकलं म्हणून ही लाइन घेतली, असं काकू म्हणाल्या ना? त्यांना काय उत्तर द्यायचं याची चिंता आता नको. दिवाळीच्या सुट्टीत इकडे ये, जर्नल घेऊन ये. खाडाखोड असली तरी चालेल, चुकलेली रीडिंग्ज मला आधी बघायची आहेत. माझ्याकडे जुना निक्रोमच्या तारेचा लूप आहे, तो तुला देते.

तुझी,
मावशी