तुझ्या रेझ्युमेबद्दल थोडं

प्रिय,

तुझा रेझ्युमे काल रात्री दोनदा वाचला. 60 अर्ज करून दोनच मुलाखती आल्या म्हणून तू खचली आहेस, हे मेसेजवरून कळलं. पण तू केलेलं काम त्या कागदावर दिसतच नाही गं.

एकच ओळ घे. तू लिहिलंस, ‘ग्राहकांच्या तक्रारी हाताळण्याची जबाबदारी.’ त्या टेबलावर बसणाऱ्या कुणालाही हे लिहिता येईल. तूच मला मागे सांगितलं होतंस, की रोज 40 तक्रारी यायच्या, निम्म्या बिल न समजल्याच्या. मग तू बिलाचा मजकूर सोपा करून घेतलास आणि तक्रारी 25 वर आल्या. हेच लिही ना! ‘बिलाचा मजकूर सोपा करून घेतला, रोजच्या तक्रारी 40 वरून 25 वर आल्या.’ मी इतकी वर्षं अर्ज चाळतेय. अशी ओळ दिसली की हात थांबतो, आणि मुलाखतीतला पहिला प्रश्नही तिथेच सापडतो. आकडा मात्र खराच हवा. नक्की आठवत नसेल तर आकड्याविना लिही, फुगवू नकोस.

सगळीकडे एकच रेझ्युमे पाठवणंही थांबव. लिओनार्दो दा विंचीने सुमारे 1482 मध्ये इटलीतल्या मिलानचा कारभार पाहणाऱ्या लुडोविको स्फोर्झाकडे काम मागितलं, तेव्हा आधी हलवता येणारे पूल, तोफा, वेढ्याची साधनं यांबद्दल लिहिलं. चित्रकला अगदी शेवटी, कारण स्फोर्झाला चिंता लढायांची होती. तूही जाहिरात हातात पेन घेऊन वाच. त्यांनी ‘एक्सेल’ म्हटलं असेल आणि तुला ते येत असेल, तर ‘एक्सेल’च लिही, ‘संगणकाचे ज्ञान’ नको.

आणि तो दोन रकान्यांचा रंगीत साचा बदल. बऱ्याच कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं, आणि अशा मांडणीत त्याचा गोंधळ उडू शकतो. तुझ्या पीडीएफमधला मजकूर मी कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला, तर फोन नंबर आणि ईमेल गायब! दोन्ही वरच्या चित्रात आहेत. ते आजच्या आज दुरुस्त कर.

छंद आणि ‘मेहनती, प्रामाणिक’ वगैरे काढून टाक.

रविवारपर्यंत आधीच्या नोकरीच्या चार ओळी नव्याने लिहून पाठव. सोबत एखादी जाहिरातही जोड, दोन्ही शेजारी ठेवून वाचते.

सस्नेह,
तुझी ताई