वाचकांचे प्रश्न : ढगाळ दिवशी सोलरवर पाणी कसे तापवावे?

प्रश्न : आमच्या घरी ३३० वॅटचे एक सोलर पॅनेल आहे. ५० लिटर पाण्याच्या टाकीतील चार ओहमची कॉइल त्याला थेट जोडली आहे. कडक उन्हात पाणी तापते, ढग आले की तापत नाही. गिझरच्या थर्मोस्टॅटचे (पाणी तापले की वीज तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट आठवड्यात जळाले, म्हणून आर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डावरून आयआरएफ ५४० एन हा मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) चालवला, तर तो हात लाववत नाही इतका तापतो. काय चुकते आहे?
— एक वाचक, पाटण (जि. सातारा)

उत्तर : थर्मोस्टॅट जळण्याचे कारण सरळ आहे. एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येत असल्याने पॉइंट उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. पॅनेलची वीज मात्र डीसी, म्हणजे एकाच दिशेने अखंड वाहणारी असते, तिच्यात ती ठिणगी पेटतीच राहते. म्हणून थर्मोस्टॅटमधून कॉइलचा प्रवाह नेऊ नये, त्याने फक्त मॉस्फेटच्या गेटचा (त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकाचा) संकेत तोडावा. मॉस्फेट तापतो, कारण आर्डुइनोच्या ५ व्होल्टवर तो अर्धवटच उघडतो. गेटला १० ते १२ व्होल्ट देणारा ड्रायव्हर मध्ये घातल्यास त्याचा रोध सुमारे ०.०४४ ओहम राहतो आणि ८ अँपिअरला जेमतेम ३ वॅट उष्णता होते, जी लहानशा हीटसिंकला (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या तुकड्याला) पेलते.

आपल्या पाटणच्या हवामानात खरा प्रश्न ढगांचा आहे. ऊन निम्मे झाले की पॅनेलचे व्होल्टेज फारसे न उतरता प्रवाह निम्मा, म्हणजे सुमारे साडेचार अँपिअर होतो. पण चार ओहमची कॉइल तेवढ्या प्रवाहावर व्होल्टेज १८ पर्यंत ओढून नेते आणि पदरी ८० वॅटच पडतात. यावर उपाय असा, की पॅनेलच्या दोन टोकांवर ६३ व्होल्टचे, १००० मायक्रोफॅरडचे पाच कपॅसिटर समांतर जोडावेत आणि त्यांच्यापुढे मॉस्फेट व कॉइल ठेवावी. व्होल्टेज ३४ वर चढले की मॉस्फेट चालू आणि ३२ वर आले की बंद, एवढाच नियम आर्डुइनोला द्यावा. उन्हात तापलेल्या पॅनेलची सर्वाधिक शक्ती याच सुमारास मिळते. मॉस्फेट बंद असताना पॅनेलची वीज कपॅसिटरमध्ये साठते, चालू होताच ती कॉइलला जाते, आणि त्याच ढगाळ उन्हात सुमारे १४५ वॅट हाती लागतात. ५० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला १.१६ युनिट लागतात. आता जिथे १४ तास लागले असते, तिथे ८ तास पुरतील.

कपॅसिटर मात्र वगळू नयेत. पहिल्या जुळणीत मी ते वगळले होते. मॉस्फेट बंद असतानाची सगळी वीज वाया जाऊन पाणी थेट जोडणीपेक्षाही कमी तापले.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. मॉस्फेट बिघडतो तेव्हा बहुधा शॉर्ट होतो, म्हणजे कॉइल चालूच राहते. पॅनेलचा शॉर्ट प्रवाह नेहमीच्या प्रवाहाहून किंचितच जास्त असल्याने फ्यूजही उडत नाही. म्हणून टाकीवर पाणी फार तापल्यास वीज तोडणारा, डीसीसाठीच बनवलेला स्वतंत्र कटऑफ बसवावा, टाकीला वाफ जाण्याची वाट कायम उघडी ठेवावी आणि तिच्या धातूच्या अंगाला अर्थिंग करावे.