आजोबांच्या नावाने लिहिलेलं पत्र

"मिस्टरांचं आणि सासऱ्यांचं बोलणं बंद आहे. मुलगा दोघांना एकत्र आणायला धडपडतो. त्याला करू द्यावं का?" हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो आणि बहुतेक वेळा तो आईच विचारते. विचारताना आवाजात थोडं कौतुकही असतं, एवढंसं पोर पण किती समज! मला मात्र अशा पोराची काळजी वाटते. का वाटते, ते एका केसवरून सांगते. घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आजोबा त्याला सोन्या म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. वय अकरा, इयत्ता सहावी. आईच्या दोन तक्रारी होत्या. एक म्हणजे शनिवारी संध्याकाळपासून त्याचं पोट दुखायला लागतं. रविवारी गावाकडे आजोबांना भेटून आला की रात्री पुन्हा दुखतं. बालरोगतज्ज्ञांनी रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं करून घेतलं होतं आणि काही निघालं नव्हतं. (हे आधी करून घ्यावंच. पोटदुखी मनाची आहे असं घरच्या घरी ठरवू नये.) दुसरी तक्रार, "मॅडम, तो खोटं बोलायला लागलाय." असं म्हणत तिने घडी घातलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला.

वहीच्या मधलं जोडपान होतं. अक्षर मुद्दाम तिरकं आणि थरथरतं काढलेलं. "प्रिय बाळा, मला तुझी खूप आठवण येते. माझं चुकलं. द्राक्षाच्या खुडणीला ये. तुझे वडील." हे पत्र सोन्याने पप्पांच्या डब्याच्या पिशवीत ठेवलं होतं. पप्पांनी पहिल्या दोन शब्दांतच ओळखलं. त्यांच्या वडिलांनी उभ्या जन्मात त्यांना बाळा म्हटलं नव्हतं. ते होस्टेलला असताना वडिलांचं पत्र यायचं ते 'चि.' ने सुरू व्हायचं आणि 'अनेक उत्तम आशीर्वाद' लिहून खाली पैशाचा हिशेब असायचा.

तिकडे आजोबांनाही निरोप पोचत होते. "पप्पा रोज तुमची चौकशी करतात. पाडव्याला येणार आहेत." पाडव्याला आजोबा नवं धोतर नेसून ओट्यावर दुपारपर्यंत बसून राहिले. कुणी आलं नाही. मग फोनवर सुनेलाच बोल लागले, पोराला शिकवून पाठवता का म्हणून.

भांडण निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागेचं. सोन्याचे पप्पा सातपूरला कंपनीत आहेत. फ्लॅट घ्यायचा म्हणून त्यांनी वाटणी मागितली, ती नेमकी अवकाळीत बाग झोपली आणि सोसायटीचं कर्ज थकलं त्या वर्षी. आजोबा भावकीसमोर नको ते बोलले. तेव्हापासून चार वर्षं पप्पांनी उंबरा चढलेला नाही.

सोन्याला मी काही विचारलं नाही. सोंगट्या दिल्या आणि म्हटलं, घरातली माणसं मांड. त्याने आजोबा एका टोकाला ठेवले, पप्पा दुसऱ्या टोकाला आणि स्वतःची पिवळी सोंगटी बरोबर मधे. मग त्या पिवळ्या सोंगटीवर बोट टेकवलं ते वीस मिनिटं उचललं नाही. मी विचारलं, "बोट काढलं तर?" तो म्हणाला, "मग सगळं जाईल." बऱ्याच वेळाने, मान खाली घालून, "फ्लॅट माझ्यामुळे घेतला. मीच म्हटलं होतं मला वेगळी खोली पाहिजे."

तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्या वयाचं मूल घरात जे बिघडतं त्याचं कारण स्वतःत शोधतं. चार वर्षं हे पोर ती एक खोली डोक्यावर घेऊन फिरत होतं आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

मरे बोवेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने कुटुंबातल्या त्रिकोणाबद्दल लिहून ठेवलं आहे. दोन माणसांतला ताण त्यांना पेलेनासा झाला की तिसरं माणूस मधे ओढलं जातं. दोघांना जरा हलकं वाटतं, पण ताण संपत नाही, तो तिसऱ्याच्या अंगावर येतो. इथे कुणी सोन्याला मुद्दाम ओढलं नव्हतं. रविवारी रात्री पप्पा जेवताना सहज विचारायचे, "तिकडं काय म्हणत होते?" आजोबा विचारायचे, "बाप काही बोलतो का माझ्याबद्दल?" दोघांनाही मायेपोटीच विचारायचं होतं. पण पोराला उत्तर द्यावं लागायचं आणि खरं उत्तर देण्याजोगं नसायचं.

पप्पा एकटे भेटायला आले तेव्हा आधीच ताठ बसले. "माफी मागायला सांगणार असाल तर जमणार नाही, मॅडम." मी म्हटलं, वडिलांशी बोलायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. वाटणीचं वकिलाकडे न्या. कोर्टात जायचं नसेल तर दावा दाखल करण्याआधीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मध्यस्थीचा मार्ग आहे. मला तुमच्याकडून फक्त चार वाक्यं हवीत. "हे भांडण माझं आणि आजोबांचं आहे. ते तुझ्या खोलीमुळे झालेलं नाही. ते मिटवणं तुझं काम नाही. तुला आजोबा आवडतात, ते मला चालतं." त्यांनी ती माझ्यासमोर तीनदा म्हणून पाहिली. चौथ्या वाक्याला तिन्ही वेळा आवाज गेला. घरी गच्चीवर ती म्हटली तेव्हा सोन्याने एवढंच विचारलं, "नक्की?"

आजोबांनाही मी बोलावलं. टोपी मांडीवर ठेवून खुर्चीच्या कडेवर बसले होते. "पोराचं येणं तोडू नका, बाकी काय म्हणाल ते." त्यांच्याकडून एकच कबूल करून घेतलं की नातवाकडे मुलाचा विषय काढायचा नाही आणि त्याच्या हाती निरोप द्यायचा नाही.

आईला सांगितलं, त्या पत्राला खोटेपणा म्हणू नका आणि शिक्षाही नको. सोन्याला मी म्हटलं, आता स्वतःच्या नावाने लिही, तुला काय पाहिजे ते. त्याने लिहिलं, "मला एकदा दोघांच्या मधे बसून जेवायचं आहे." मुलाने स्वतःची इच्छा सांगावी, जरूर सांगावी. दुसऱ्याच्या तोंडचे शब्द मात्र त्याने का वाहायचे? ती चिठ्ठी आज दोन्ही घरी आहे. ते जेवण अजून झालेलं नाही, आणि होईल असं मी सोन्याला कधी म्हटलं नाही.

आता रविवारी पप्पाच त्याला गावच्या स्टँडपर्यंत सोडतात. आजोबा पारावर असतात. मधे वीसेक पावलं अंतर, दोघे एकमेकांकडे बघत नाहीत. फेब्रुवारीत एकदा संध्याकाळी परत निघताना आजोबांनी द्राक्षाची पेटी सोन्याच्या हातात दिली, "पप्पाला दे." त्याने ती पारावर ठेवली. म्हणाला, "आजोबा, ही तुम्ही द्या. मी नाही नेणार." आणि पळत जाऊन गाडीवर बसला.

पेटी त्या दिवशी आजोबांबरोबरच घरी परत गेली. त्या रात्री सोन्याचं पोट दुखलं नाही. आईने मला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला तो हे सांगायला.