मुंबईतल्या बसच्या जीपीएस नोंदींची ४० जीबीची फाइल ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर पायथनने वाचता येईल का?

येईल, अख्खी फाइल रॅममध्ये ओढू नका, मेमरी-मॅप करा, म्हणजे ती डिस्कवरच ठेवून मेमरीत असल्यासारखी वाचा. पायथनमध्ये एमएमॅप मॉड्यूल आहेच, आकड्यांची बायनरी फाइल असेल तर नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचं मेममॅप. प्रोग्रामला ४० जीबीचे मेमरी-पत्ते मिळतात, पण ज्या पानाला, म्हणजे छोट्या तुकड्याला (इंटेल मशीनवर सहसा ४ केबी), हात लावाल साधारण तेवढंच पेज फॉल्ट होऊन, म्हणजे पान रॅममध्ये नाही असा इशारा मिळून, डिस्कवरून येतं. रॅम भरली की न बदललेली पानं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सरळ टाकून देतो, स्वॅपमध्ये (रॅमला पूरक म्हणून डिस्कवर ठेवलेल्या जागेत) लिहीत बसत नाही. नुसती स्वॅप वाढवण्यापेक्षा हे बरं ते म्हणूनच. मात्र वाचन क्रमाने हवं. आधी दादरची नोंद, मग बोरिवलीची, मग कुलाब्याची अशा उड्या मारल्यात तर जुन्या हार्डडिस्कवर लॅपटॉप रांगायला लागेल. आणि पायथन ६४-बिट आहे ना, तेवढं बघा. ३२-बिटमध्ये पत्ते ४ जीबीलाच संपतात.